गुरुगृहाविना घडलेला वादक : गोविंदराव टेंबे

मराठी घरांत काशीचे नाव शतकानुशतके विद्येशी जोडलेले आहे. सोडमुंजीच्या वेळी हाती दंड घेऊन काशीस निघालेला बटू आणि त्याची समजूत घालून त्याला परत आणणारा मामा हे दृश्य आजही कौतुकाने पाहिले जाते. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे होते. काशीविश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी. गंगेच्या घाटांवर मराठी पंडितांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. वेद, व्याकरण, न्याय यांप्रमाणेच संगीतविद्याही तेथे गुरूच्या पायाशी बसूनच मिळत असे. उस्तादाने शिष्याच्या मनगटावर गंडा बांधावा, शिष्याने सेवा करावी, एक एक पलटा हजार वेळा घोकावा आणि मग घराण्याची चीज पदरात पडावी, अशी ती रीत होती.

या काशीच्या गाण्याचा रंग मराठी रंगभूमीवर आणणारा एक कलावंत मात्र हार्मोनियमच्या शिक्षणासाठी कोणत्याही गुरुगृही राहिला नाही. ज्या वाद्यावर त्याने देशभर कीर्ती मिळवली, ते वाजवायला त्याला कोणी पाटीवर श्रीगणेशा काढून द्यावा तसे शिकवले नाही. त्या कलावंताचे नाव गोविंद सदाशिव टेंबे. हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार, नट, नाटककार आणि लेखक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या सर्व कर्तृत्वाच्या मुळाशी स्वतः शिकण्याची असामान्य शक्ती होती.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. ते लहानाचे मोठे झाले कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या नगरीत तालीम हा शब्द दोन अर्थांनी घुमत होता. एक तालीम लाल मातीची आणि दुसरी स्वरांची. महाराजांच्या आश्रयामुळे गवई, मल्ल, चित्रकार आणि नाटक मंडळ्या यांची करवीरात सदैव वर्दळ असे. त्यातच १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबात गावोगावचे गुणीजन येत, गात आणि रसिकांची दाद घेत. आपल्या सांगीतिक जडणघडणीचे श्रेय गोविंदरावांनी पुढे या संस्थेला कृतज्ञतेने दिले. तेथे वर्ग नव्हता, हजेरीपट नव्हता, परीक्षाही नव्हती. कान उघडे ठेवून बसणाऱ्या मुलाला मात्र तेथे एका मैफलीत जे मिळे, ते महिनाभराच्या पाठांतराने मिळाले नसते.

त्या मुलाच्या हाती जे वाद्य आले, त्याचीही कथा ध्यानात घेण्यासारखी आहे. हार्मोनियम हे मूळचे आपले वाद्य नव्हे. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ च्या सुमारास त्याचे एकस्व घेतले. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असा त्याचा सुटसुटीत अवतार घडवला. थोड्याच वर्षांत ही पेटी कीर्तनात, नाटकात आणि दिवाणखान्यात जाऊन बसली. मराठी गायकांनी आपल्या आवाजाची उंचीसुद्धा पेटीच्या पट्ट्यांवरून सांगायला सुरुवात केली. कोणाची पांढरी चार, तर कोणाची काळी एक.

परंतु हे वाद्य नवखे असल्यामुळे त्याला घराणे नव्हते. गायकीला घराणी होती, सारंगी आणि तबला पिढीजात चालत आले होते, बीनेचा वंशवृक्ष तर थेट दरबारापर्यंत पोहोचत होता. पेटीसाठी अशी सिद्ध तालीम कोठून मिळणार? अंगठा पट्टीखालून केव्हा न्यावा, भात्याचा दाब कोठे हलका करावा, गायकाची तान सुटली की बोटे कशी धावावीत, याची शिस्त अजून बांधली जायची होती. गोविंदरावांनी ती स्वतःच्या बोटांवर बांधली. गाणे ऐकायचे, मनात साठवायचे, एकांतात पट्ट्यांवर ते शोधायचे, चुकायचे आणि पुन्हा ऐकायला जायचे, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जवळपास त्याच काळात असाच एक प्रयोग घडत होता. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगरीत कृष्णवर्णीय वादकांच्या हातून जॅझ नावाचे नवे संगीत जन्माला येत होते. त्यालाही आरंभी पाठ्यपुस्तक नव्हते. होतकरू पियानोवादक वडीलधाऱ्या वादकांच्या शेजारी उभे राहून त्यांची बोटे न्याहाळत. आपोआप वाजणाऱ्या यांत्रिक पियानोची गती मंद करून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटे ठेवून ड्यूक एलिंग्टन या तरुणाने एक अवघड रचना आत्मसात केली. पुढे पिट्सबर्गचा एरॉल गार्नर तर स्वरलिपी वाचायला कधीच न शिकता जगप्रसिद्ध पियानोवादक झाला. कोल्हापूरची पेटी आणि अमेरिकेचा पियानो यांची कधी गाठ पडली नाही, तरी दोहोंकडे शिकण्याची वाट कानातूनच गेली. दोन्ही संगीतांत आयत्या वेळी सुचलेले वाजवायचे असते आणि ते सुचण्यासाठी आधी अपार ऐकलेले असावे लागते.

गोविंदरावांच्या या श्रवणयज्ञाला खरे अधिष्ठान लाभले ते भास्करबुवा बखले यांच्या सहवासात. भास्करबुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या एका कंठात सामावलेले गायक. त्यांनी गोविंदरावांना समोर बसवून रीतसर शिकवले नाही. गोविंदराव त्यांच्या मैफलींत पेटीची साथ करू लागले आणि ती साथच त्यांची पाठशाळा झाली. साथीदाराचे स्थान मोठे कठीण असते. गवई पुढची जागा कोणती घेणार हे त्याला ठाऊक नसते, तरी ती घेतली जाताच तिच्या पाठोपाठ त्याला जावे लागते. पुढे धावला तर उद्धटपणा, मागे रेंगाळला तर रसभंग. सावलीने माणसाची पाठ सोडू नये, पण त्याच्या पायांतही येऊ नये, तशी ही कला आहे. वर्षानुवर्षे असे सावलीसारखे चालता चालता भास्करबुवांच्या विचाराची दिशाच गोविंदरावांच्या बोटांत उतरली.

म्हणूनच त्यांनी आयुष्यभर भास्करबुवांना गुरू मानले. महाभारतातील एकलव्याची आठवण येथे सहज होते. एकलव्यासमोर मातीची मूर्ती होती, गोविंदरावांसमोर साक्षात गाणारा गुरू होता एवढाच भेद. कोल्हापूर दरबारचे गायक आणि जयपूर घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ यांचा सहवास आणि मार्गदर्शनही त्यांना लाभले. खाँसाहेबांच्या अनवट रागांची आणि पेचदार तानांची उकल करणे हे भल्याभल्यांना अवघड वाटे. गोविंदरावांनी ती विद्या केवळ ऐकली नाही, तर तिचा विचार केला. कलेच्या क्षेत्रात हा भेद फार मोठा असतो.

पेटीची एक मोठी उणीव जाणकार पूर्वीपासून दाखवत आले. तिचे स्वर पट्ट्यांत बांधलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेदही दाखवता येत नाहीत. ज्या संगीताचा प्राण दोन स्वरांमधल्या अवकाशात आहे, त्या संगीताला हे वाद्य अपुरे, हा आक्षेप खोटा नव्हता. गोविंदरावांचे वादन ही त्या आक्षेपाला दिलेली एक कलावंताची प्रतिक्रिया होती. एक पट्टी सुटण्याआधी दुसरीला नाजूक स्पर्श करणे, कणस्वर निसटता लावणे, भात्याचा श्वास गायकाच्या श्वासासारखा राखणे, अशा युक्तींनी पेटीवर गाण्याचा भास निर्माण होऊ शकतो. गोविंदरावांचे गायकी अंगाचे वादन ऐकताना श्रोत्यांना वाद्याच्या मर्यादेचा विसर पडे. कालांतराने त्यांनी साथ सोडून पेटीचे स्वतंत्र वादन केले आणि साथीला बसणाऱ्या वाद्याला मैफलीच्या मध्यभागी मानाचे आसन मिळवून दिले.

याच काळात उत्तरेकडे हार्मोनियमला आणखी एक मोठा उपासक लाभला होता. ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्यात जन्मलेले भैया गणपतराव यांनी पेटीवर ठुमरीचे असे काही लेणे चढवले की, गाणारेही त्यांच्याकडून शिकू लागले. बनारसचे मौजुद्दीन खाँ हे त्यांच्या शिष्यांपैकी. बालपण बनारसमध्ये घालवून पुढे कलकत्त्यात नावारूपाला आलेल्या गौहरजान यांनी १९०२ साली ध्वनिमुद्रिकांसाठी गायला आरंभ केला आणि पूरब अंगाचे गाणे तबकड्यांवरून घरोघरी ऐकू येऊ लागले. काशी आणि मिर्झापूरच्या मातीतली श्रावणातली कजरी, चैत्रातली चैती, फाल्गुनातली होरी आणि बारमाही दादरा-ठुमरी यांचे वेगळेपण असे की, त्यांत रागाच्या व्याकरणापेक्षा बोलातला भाव मोठा. एकच शब्द दहा परींनी आळवायचा आणि दर वेळी त्यातून नवा अर्थ काढायचा. हा पूरब रंग गोविंदरावांच्या मनात खोल उतरला.

त्या रंगाला महाराष्ट्राचे दार उघडले १९११ साली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे तोवर गद्य नाटकांसाठी विख्यात होते. त्यांनी आपले पहिले संगीत नाटक ‘मानापमान’ लिहिले आणि किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली देण्याचे काम तिशीतल्या गोविंदरावांकडे आले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून नाटकात गाणे होतेच, पण त्यात साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली आणि कर्नाटकी वळणाची पदे यांचा भरणा असे. गोविंदरावांनी रागदारी बंदिशींच्या जोडीला ठुमरी, दादरा, कजरी, टप्पा, गझल यांची वळणे मराठी शब्दांना दिली. ऐश्वर्याच्या तोऱ्यात गरीब पण शूर धैर्यधराला नाकारणारी भामिनी पुढे वनमाला बनून त्याच्यासमोर येते, तेव्हाचे रुसवे, लटका राग आणि मनातले द्वंद्व व्यक्त करायला हाच लडिवाळ बाज हवा होता. बालगंधर्वांच्या कंठातून तो उमटला आणि मराठी नाट्यसंगीताने नवे वळण घेतले.

प्रेक्षकांना त्या चालींचे मूळ काशीकडे आहे याचा पत्ताही नसे. त्यांना त्या आपल्या वाटल्या, यातच रचनाकाराचे यश होते. उत्तरेची चीज उचलून तिच्यावर मराठी शब्द बसवणे सोपे होते, परंतु शब्दांचे वजन, पात्राचा स्वभाव आणि प्रसंगाची गरज ओळखून ती चीज मराठी करणे हे स्वतंत्र बुद्धीचे काम होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन प्रतिस्पर्धी गायकनटांना जोडणारे ते सूर गोविंदरावांनी दिलेले होते.

गोविंदरावांचे पाऊल लवकरच पडद्यामागून पडद्यासमोर आले. धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाल्यावर ती भूमिका करण्यास गोविंदराव उभे राहिले. अभिनयाचेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तेथेही निरीक्षण आणि परिश्रम हेच गुरू. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. काही काळाने ते तिच्यातून बाहेर पडले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. नाटक मंडळी चालवणे म्हणजे गाण्याइतकाच हिशेबाचाही संसार. ही मंडळी दीर्घकाळ टिकली नाही. स्वतः शिकणाऱ्या माणसाला सगळेच साधते असे नाही. परंतु एका दारी अपयश आले म्हणून शिकणे थांबवायचे नाही, हे गोविंदरावांच्या पुढील आयुष्याने दाखवून दिले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांच्यासमोर एक संपूर्ण नवे माध्यम उभे राहिले, ते म्हणजे बोलपट. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. संगीत गोविंदरावांचे होते आणि राजा हरिश्चंद्राची प्रमुख भूमिकाही त्यांचीच. तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. सत्यासाठी राज्य सोडून काशीच्या बाजारात स्वतःला विकणारा आणि स्मशानात राबणारा तो राजा साकारताना काशी पुन्हा एकदा गोविंदरावांच्या कलाजीवनात आली. वाराणसीचा हरिश्चंद्र घाट आजही त्या कथेची आठवण सांगतो. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे आणि वादक दृश्याबाहेर दडून साथ करीत. हे नवे तंत्रही गोविंदरावांनी काम करता करताच आपलेसे केले. त्यानंतर ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ या प्रभातच्या बोलपटांनाही त्यांचे संगीत लाभले.

१९४० च्या मार्च महिन्यात आकाशवाणीने हार्मोनियमला आपले दार बंद केले. हे वाद्य भारतीय स्वरांना घातक आहे, असा तत्कालीन अधिकाऱ्यांचा निर्णय होता. रवींद्रनाथ टागोरांसारख्या थोरांचाही त्याला पाठिंबा होता. ज्या पेटीवर गोविंदरावांनी आपले तारुण्य वेचले, तिलाच देशाच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर जागा उरली नाही. ही बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. एखाद्याची उमेद यामुळे खचली असती. पण गोविंदरावांची विद्या वाद्यापेक्षा मोठी झाली होती. ती चालींत होती, लेखनात होती, ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ यांसारख्या संगीतिकांत होती.

लेखनात तर त्यांनी आपल्या शिकण्याचे ऋण फेडले. ‘माझा संगीत व्यासंग’ या १९३९ सालच्या ग्रंथात त्यांनी आपण कोणाकोणाकडून काय टिपले याचा पट मांडला. ‘माझा जीवनविहार’ मध्ये आयुष्याचे सिंहावलोकन केले. उस्ताद अल्लादिया खाँ यांचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. ज्या काळात मोठमोठ्या गवयांची विद्या त्यांच्याबरोबरच अस्तंगत होत असे, त्या काळात हे लेखन म्हणजे पुढील पिढ्यांसाठी उघडलेले ग्रंथालयच होते. ज्याला स्वतःला पाठ्यपुस्तक मिळाले नाही, त्याने इतरांसाठी पुस्तके मागे ठेवली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, गोविंदरावांची जीवनयात्रा संपली.

आज प्रत्येक कलेसाठी वर्ग आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. त्यांची उपयुक्तता कोणी नाकारू नये. तथापि वर्गात नाव घातले की विद्या आली, अशी समजूत जेव्हा घराघरांत रुजू लागते, तेव्हा गोविंदरावांचे चरित्र पालकांनी पुन्हा वाचावे. आणि वर्गाची गरजच काय, असे म्हणणाऱ्या उतावळ्या तरुणानेही ते वाचावे. गोविंदराव शिकवणीविना शिकले, पण गुरूविना शिकले नाहीत. भास्करबुवांच्या मागे बसून त्यांनी वर्षे काढली, खाँसाहेबांच्या विद्येपुढे ते नम्र राहिले, देवल क्लबाचे उपकार ते विसरले नाहीत. शिकवणाऱ्याने हात धरला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या पाऊलखुणा शोधल्या.

कोल्हापूरच्या त्या मुलाला काशीचे सूर ऐकू आले, कारण आधी त्याने आपल्या गावातले सूर मन लावून ऐकले होते. देवल क्लबाच्या बैठकीत त्याला बसू देणारी, त्याच्या पेटीचा सूर चुकला तरी दार न लावणारी माणसे कोल्हापुरात होती. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. मुलांना शिकवता येईल तेवढे शाळा शिकवतेच. त्यापलीकडे मुलाला निवांत ऐकू देणे, चुकू देणे आणि पुन्हा बसू देणे, हे काम घराचे आणि गावाचे आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासाठी कोल्हापूरने ते केले. प्रत्येक गावात असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी आजही कुठल्यातरी बैठकीच्या कडेला कान देऊन बसलेली असेल.